चित्रपटात स्वप्न म्हटलं की धूर आणि धूसर कडाच का असतात? सुप्त मन पडद्यावर नेमकं कसं दाखवतात?

स्वप्न धूसर नसतं. हे आधी सांगतो, कारण याच मुद्द्यावरून मी एका लघुपटाचं संकलन अर्धवट सोडलं होतं.

पुण्यातली गोष्ट. लघुपटातल्या मुलाचे वडील वारलेत, एसटीत त्याला डुलकी लागते आणि ते दिसतात, एवढाच प्रसंग. माझे बाबा जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते आणि ते माझ्या स्वप्नात यायचे. ढगांतून वगैरे नाही. स्वयंपाकघरात, चारच्या उन्हात, ताटात तांदूळ निवडत बसलेले. खडान् खडा दिसायचा. फक्त देवघराच्या जागी जिना असायचा आणि नळ वाहत असून आवाज यायचा नाही. स्वप्नात त्याचं मला काही वाटायचं नाही. जाग आल्यावर छातीत धस्स व्हायचं.

म्हणून मी सरळ कट मारला. एसटीची खिडकी, लगेच ताटातले तांदूळ. इंजिनाचा आवाज तिथेच तोडला, खाली संगीत नाही, काही नाही. दिग्दर्शक म्हणाला, "प्रेक्षकाला कळणार कसं?" मग डिझॉल्व्ह आला, म्हणजे एक दृश्य दुसऱ्यात विरघळत जाणं, कडा धूसर झाल्या, वडिलांच्या मागून प्रकाश, आवाजाला एको. मी हार्डडिस्क त्याच्या हातात दिली आणि घरी आलो.

दिग्दर्शक हिचकॉकने 'स्पेलबाउंड'साठी (१९४५) चित्रकार साल्वादोर दालीला बोलावलं ते धूसर स्वप्नांची रूढी मोडायला. दालीच्या चित्रांतल्या लांब सावल्या आणि धारदार कडा त्याला हव्या होत्या. बर्गमनच्या 'वाइल्ड स्ट्रॉबेरीज'मध्ये (१९५७) म्हातारा डॉक्टर निर्मनुष्य रस्त्यावर उभा आहे, उजेड भगभगीत, आणि वरच्या घड्याळाला काटे नाहीत. खिशातलं घड्याळ काढतो, त्यालाही नाहीत. सुप्त मन असं दाखवायचं असतं. सगळं लख्ख, ओळखीचं, आणि एकच गोष्ट चुकलेली.

धूर कायम चुकीचाच, असं मात्र नाही. 'आवारा'तल्या (१९५१) स्वप्नात स्वर्ग-नरकच उभे करायचे होते, तिथे कलादिग्दर्शक आचरेकरांच्या सेटवर तो शोभतो. आणि स्वप्नं प्रत्येकाची वेगळी, कुणाला खरंच अंधुक दिसत असतील.

तुम्ही स्वतः काही चित्रित करणार असाल तर चित्राला हात लावण्याआधी एखादा आवाज काढून टाकून बघा. आणि कुणी "कळणार कसं?" म्हणालंच, तर त्याला सत्यजित रायांचा 'नायक' (१९६६) दाखवा. उत्तमकुमार नोटांच्या ढिगाऱ्यांतून चालतोय, ढिगातून टेलिफोन धरलेले हाडांचे हात वर आलेत, आणि तो नोटांत रुतत चाललाय. हे पाहून एकाही माणसाने विचारलेलं नाही की हे स्वप्न आहे का. माझ्या दिग्दर्शकाला मी तेव्हा हे दाखवायला हवं होतं.