साडेचार वर्षांच्या मुलाला औषध न देता डॉक्टर 'आधी तुम्ही ट्रेनिंग घ्या' असं का म्हणतात?

तासगावच्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा साडेचार वर्षांचा. अंगणवाडीत एका जागी बसत नाही, रस्त्यात हात सोडून पळतो, रोज कुणाची तरी तक्रार येते. डॉक्टरांनी एडीएचडीची, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अति चंचलपणा या त्रासाची शक्यता सांगितली, पण औषध दिलं नाही. आईवडिलांनी आधी ट्रेनिंग घ्या म्हणाले. म्हणजे दोष आमचाच का? असं ट्रेनिंग इकडे मिळतं का? आणि सासूबाईंना हे कसं पटवायचं?

ताई, मी डॉक्टर नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहितो. पण तुम्हाला जे सांगितलं, तेच २०१९ साली आम्हालाही सांगितलं होतं. लेक तेव्हा सव्वाचार वर्षांची होती. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मी बायकोला म्हणालो होतो, "केसपेपर पोरीचा काढला आणि आजारी आपल्याला ठरवलं." तेव्हा तुमच्याइतकाच राग आला होता, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

दोष तुमचा नाही. जुळ्या मुलांवरच्या अभ्यासांतून दिसलंय की हा त्रास बऱ्याच अंशी आनुवंशिक असतो, सत्तर-ऐंशी टक्के वाटा तिथून येतो. मग ट्रेनिंग आईबापाला का? कारण चार वर्षांचं पोर आठवड्यातून तासभर समुपदेशकासमोर बसून काही शिकत नाही. ते शिकतं अंघोळीच्या वेळी, चप्पल घालताना, ताटावरून उठताना. तिथे मॅडम नसतात, आपण असतो.

आम्हाला ट्रेनिंग देणाऱ्या मॅडमना मी पहिल्याच दिवशी विचारलं की तिला कळत असून ती थांबत का नाही. त्या म्हणाल्या, "उतारावर दोन ट्रॉल्या ऊस भरलेला ट्रॅक्टर येत असला तर तुम्ही त्याच्यापुढे गाडी घालता का?" नाही घालत. ड्रायव्हर वाईट असतो म्हणून नाही, त्याला थांबायला अंतर लागतं म्हणून. आपल्या भागात हे कुणाला समजवावं लागत नाही. ट्रेनिंग म्हणजे ते अंतर ठेवायला शिकणं.

औषधाचं म्हणाल तर तुमच्या डॉक्टरांनी टाळाटाळ केलेली नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१९ च्या सूचनांत चार ते सहा वर्षांच्या मुलांसाठी पहिला उपाय हाच आहे. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०१८ च्या सूचनांतही पाच वर्षांखालच्या मुलांसाठी आधी पालकांचा गट घ्या असंच आहे. त्यामागे कारण आहे. अमेरिकेत तीन ते साडेपाच वर्षांच्या ३०३ मुलांना घेऊन मिथाइलफेनिडेट या एडीएचडीवरच्या औषधाचा एक मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. औषधाने फरक पडला, पण शाळकरी मुलांपेक्षा कमी. शिवाय भूक मरणं, झोप न लागणं, चिडचिड हे जास्त. त्या अभ्यासातही औषधाच्या आधी आईवडिलांना दहा आठवड्यांचं ट्रेनिंग होतं, आणि काही घरांना पुढे औषधाची गरजच वाटली नाही. औषध वाईट असं मी म्हणत नाहीये. ट्रेनिंगने भागलं नाही तर ते आहेच.

आता आमच्या घरी काय चाललं होतं ते सांगतो, म्हणजे ट्रेनिंगमध्ये नेमकं काय असतं ते कळेल. संध्याकाळी मी दुकानातून यायचो. बायको सांगायची, मोबाइल बंद कर. पोरगी ऐकायची नाही. पुन्हा सांगायची, जरा मोठ्याने. पाचव्यांदा ओरडायची. पोरगी जमिनीवर लोळण घ्यायची, आणि शेजाऱ्यांचं दार उघडल्याचा आवाज आला की मी म्हणायचो, "दे बाई तिला, घे पाच मिनिटं." रडणं बंद. पोरीला कळलं की लोळलं की मोबाइल मिळतो. मला कळलं की मोबाइल दिला की शांतता मिळते. दोघांनाही बक्षीस. अमेरिकेतल्या ओरेगनमधले मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी हजारो तास घराघरांतली भांडणं नोंदवून हेच चक्र दाखवलं होतं, आणि पालकांच्या बहुतेक ट्रेनिंगचा पाया तोच आहे. आमच्या घरात येऊन लिहून नेलंय की काय असं वाटलं मला.

आमचा गट सहा घरांचा होता, दर शनिवारी मिरजेत. पहिले तीन शनिवार शिस्तीचं नावसुद्धा निघालं नाही. रोज दहा मिनिटं पोरीबरोबर जमिनीवर बसायचं आणि ती खेळेल ते खेळायचं, एवढंच. अट अशी की प्रश्न विचारायचा नाही, शिकवायचं नाही, हुकूम द्यायचा नाही. ती करते ते फक्त बोलून दाखवायचं: "लाल ठोकळा वर ठेवलास." ताई, करून बघा. दोन मिनिटांत माझ्या तोंडून "हा कुठला रंग?" निघालंच. मॅडमनी बोट वर केलं. पुन्हा निघालं, पुन्हा बोट. अशाच एका अमेरिकी पद्धतीत आईवडिलांच्या कानात यंत्र घालतात आणि तज्ज्ञ काचेपलीकडून सांगत राहतात. आमच्याकडे बोट होतं.

मग कौतुक. नुसतं "शहाणी माझी ती" नाही, तर "हाक मारल्यावर लगेच आलीस, आवडलं मला." काय केलं ते नाव घेऊन सांगायचं, आणि तिथल्या तिथे. "आठवडाभर शहाण्यासारखी वागलीस तर रविवारी हरिपूरला नेईन" हे या मुलांच्या कामाचं नाही, त्यांच्यासाठी रविवार म्हणजे पुढचा जन्म. आम्ही भडंगाचा डबा ठेवला होता. चप्पल जागेवर ठेवली की चमचाभर, तिथेच उभ्या उभ्या. सांगलीकरांनी आणखी काय वापरायचं?

सांगण्याची पद्धत हा सगळ्यात अवघड भाग. आपण स्वयंपाकघरातून ओरडतो, "अगं आवर की, बॅग भर, दूध पी, वेणी घालायचीय!" चार कामं एका दमात. शिकवलं ते असं: उठून जवळ जायचं, खांद्याला हात लावायचा, नजर मिळाली की एकच गोष्ट, आणि ती प्रश्न म्हणून नाही. "बसतेस का?" विचारलं तर ती "नाही" म्हणणारच, आपणच पर्याय दिलाय. "इथे बस." मग मनात पाच आकडे मोजेपर्यंत गप्प. ही पाच सेकंद फार मोठी असतात.

किरकोळ गोष्टींकडे काणाडोळा करायचा, हेही होतं. याबद्दल आधीच सांगून ठेवतो: पहिले काही दिवस प्रकार वाढतो. तिने आवाज चढवला, भांडी पाडली. मॅडमनी आधीच बजावलं होतं म्हणून टिकलो. मध्येच वितळलात तर पोर शिकतं की अजून जोर लावायला हवा. मारणं, रस्त्यात पळणं यांकडे मात्र काणाडोळा नाही. त्यासाठी तीन-चार मिनिटं खेळ थांबवून बाजूला बसवायचं असतं, पण तो भाग अगदी शेवटी शिकवला, आणि तोवर आम्हाला तो क्वचितच लागला.

सहावा शनिवार झालाच नाही. ऑगस्टमध्ये महापूर आला, सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आम्ही आत्याकडे विट्याला गेलो, एका खोलीत नऊ माणसं. चित्रांचा तक्ता, वाळूचं घड्याळ, भडंगाचा डबा, सगळं पाण्यात. वाटलं, संपलं. पण ती दहा मिनिटं बायकोने सोडली नाहीत. जिन्याच्या पायरीवर दोघी बसायच्या, खेळायला बाटल्यांची झाकणं. परत आल्यावर घरातला चिखल काढायला महिना गेला, तरी पोरगी त्या दहा मिनिटांची आठवण करून द्यायची. आम्ही विसरलो तरी ती विसरायची नाही, आणि हिला म्हणे लक्षात राहत नाही.

आता जरा कडू. यातून मूल 'शांत' होत नाही. २०१३ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले तेव्हा दिसलं की ट्रेनिंग घेतलेले आईवडील चंचलपणा कमी झाल्याचं सांगतात, पण ज्याला कोण कुठल्या गटात आहे हे माहीत नाही अशा त्रयस्थाने पाहिलं तर तो फरक फारसा उरत नाही. हट्ट, भांडण, आईबापाचं वागणं यांतला फरक मात्र त्रयस्थालाही दिसतो. आमचंही तेच. लेक आता पाचवीत आहे. अजून खुर्चीवर पाय मुडपून, उलटी, लोंबकळत बसते. पण घरात रोजचा तमाशा नाही, आणि ती मला येऊन सगळं सांगते. मला एवढं पुरतं. तुम्हाला याहून जास्त हवं असेल तर आधीच सांगा डॉक्टरांना.

ट्रेनिंगला लागण्याआधी काही गोष्टी तपासून घ्या. कानाची तपासणी, रक्तातलं लोह, रात्री घोरणं किंवा तोंडाने श्वास घेणं, मध्येच काही सेकंद टक लावून हरवून जाणं. यांतलं काहीही चंचलपणासारखं दिसू शकतं. मुलाचा जन्म नोव्हेंबर-डिसेंबरचा असेल तर तेही सांगा. आपल्याकडे पहिलीच्या प्रवेशासाठी वय ३१ डिसेंबरला मोजतात, म्हणजे अशी मुलं वर्गात सगळ्यात लहान. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियातही हाच दिनांक आहे, आणि तिथे २०१२ च्या अभ्यासात डिसेंबरात जन्मलेल्या मुलग्यांना हे निदान जानेवारीतल्या मुलग्यांपेक्षा ३० टक्के जास्त वेळा मिळालेलं दिसलं. साडेचार वर्षांच्या पोराने साडेचार वर्षांचं असणं हा आजार नाही. आणि हो, साखरेने मुलं चेकाळतात हेही खरं नाही, १९९५ मध्ये सगळे चांगले प्रयोग एकत्र करून ते पाहिलं गेलंय. उसाच्या पट्ट्यात राहून गूळपोळीला घाबरू नका.

कुठे मिळेल? अंगणवाडीत वर्षातून दोनदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. त्यांच्या यादीत एडीएचडी आहे, त्यांच्याकडून जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी मिळते. फोनवर बोलायचं तर टेली मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, मराठीत बोलता येतं. खासगीत कुणाकडे गेलात तर एकच प्रश्न विचारा: "मी मुलाशी वागत असताना तुम्ही बघून मला दुरुस्त करणार का?" नुसतं व्याख्यान आणि छापील कागद असेल तर पैसे वाचवा. इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनच्या एडमंड सोनुगा-बार्क यांच्या गटाने २००१ मध्ये तीन वर्षांच्या ७८ मुलांच्या घरी हे करून पाहिलं, आठ आठवडे, दर आठवड्याला एक तास. ज्या आयांना करून दाखवून शिकवलं त्यांच्या निम्म्याहून अधिक मुलांत चांगला फरक पडला, ज्यांचं फक्त ऐकून घेतलं त्यांच्यात तेवढा नाही. पुढे हेच काम खास तज्ज्ञ नसलेल्या आरोग्यसेविकांनी रोजच्या धबडग्यात केलं तेव्हा फायदा दिसला नाही. शिकवणारा कोण, याला इतकं महत्त्व आहे.

याच गटाला आणखी एक गोष्ट आढळली होती: ज्या आयांमध्ये स्वतःतच ही लक्षणं जास्त, त्यांच्या मुलांत ट्रेनिंगने सुधारणा झाली नाही. हे वाचून मी गप्प बसलो. कारण तक्ता भरायला कोण विसरायचं? मी. हाकेनंतरची पाच सेकंद कुणाला धरवायची नाहीत? मला. शेवटी मोबाइलवर सात वाजताचा गजर लावला, दहा मिनिटांसाठी. तो आजही वाजतो.

सासूबाईंचं. माझी आई म्हणायची, "आमच्या टायमाला असलं काय नव्हतं. दोन रट्टे दिले की पोरं सरळ. पोरीची जात आणि एवढी वांड?" आम्ही काणाडोळा करायचो आणि ती मागच्या दाराने लाडू द्यायची. एका घरात दोन कायदे असले तर काहीच चालत नाही. मी समजावून थकलो. मग मॅडमनी तिला एका शनिवारी बोलावलं आणि ट्रेनिंगचं काही न सांगता विचारलं, "तुमचा मुलगा लहानपणी कसा होता हो?" आई तासभर बोलायची थांबली नाही. मी विहिरीच्या काठावरून दोनदा पडता पडता वाचलो, शाळेतून पळून कृष्णेच्या घाटावर सापडलो, एकाच वर्षात तीन पाट्या फोडल्या. सांगता सांगता थबकली आणि म्हणाली, "ह्याच्याच वळणावर गेलीया की पोरगी." मॅडमनी तिला एक काम दिलं: नातीबरोबर रोज सागरगोटे खेळायचे, आणि आपली पाळी येईपर्यंत थांबायला शिकवायचं. ते तिला आमच्या दोघांपेक्षा चांगलं जमलं.

तुम्हीही सासूबाईंना एकदा विचारून बघा. नवरा समोर बसलेला असताना विचारा.