डॉक्टर गोड बोलत नाहीत म्हणून बदलायचे का?

प्रश्न: माझ्या सासूबाईंना शुगर आहे, दोन वर्षं एकाच डॉक्टरांकडे दाखवतोय. शुगर कंट्रोलमध्ये आली, पण डॉक्टर मान वर करून बघत नाहीत, काही विचारलं की "लिहिलंय चिठ्ठीत". शेजारच्या काकू म्हणतात आमच्या डॉक्टरांकडे या, ते किती प्रेमाने बोलतात. काय करू? – एक वाचक, सांगली

उत्तर: ताई, तुम्हाला जे खटकतंय ते खरंच खटकण्यासारखं आहे, नुसते लाड नाहीत हे. १९८४ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास झाला होता, पेशंट बोलायला लागला की डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत मध्येच तोडायचे. आणि २०१२ चा कॅन्ससचा एक अभ्यास मला फार आवडतो, मणक्याचं ऑपरेशन झालेल्या पेशंटशी डॉक्टर कधी उभ्याने बोलले, कधी खुर्ची ओढून बसून, तर बसले तेव्हा जेमतेम मिनिटभरच होते तरी पेशंटना वाटलं पाच मिनिटं होते! म्हणजे वेळच नसतो हे कारण मला तरी पूर्ण पटत नाही.

पण काकूंचं ऐकून लगेच पळू नका. गोड बोलणं वेगळं आणि समजावून सांगणं वेगळं, आपण पेशंट लोक ह्यातच फसतो. शुगरमध्ये डॉक्टर महिन्यातून दहा मिनिटं भेटणार, बाकी सगळं घरीच करायचं असतं. त्यामुळे दवाखान्यातून बाहेर आल्यावर रिक्षातच सासूबाईंना विचारा, कुठली गोळी जेवणाआधी, अचानक घाम आणि थरथर सुटली तर काय खायचं, पायाला जखम झाली तर किती दिवस वाट बघायची (एकही दिवस नाही, लगेच दाखवायचं). त्यांना सांगता आलं तर डॉक्टर नीट बोलतात, मग चेहरा कसाही असो.

नाही आलं तर पुढच्या वेळी तीनच प्रश्न कागदावर लिहून न्या, बसल्या बसल्या समोर ठेवा आणि उठताना म्हणा, "डॉक्टर, मला काय समजलं ते सांगते, चुकलं तर सांगा." दोनदा करून बघा. तरीही उडवून लावलं तर शुगर कंट्रोलमध्ये असली तरी बदला, आणि जाताना सगळे रेकॉर्ड लेखी मागून घ्या, मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमाप्रमाणे ७२ तासांत द्यावे लागतात.