कोणी उठायचे, ते घरी ठरवा

लहान मूल असलेली जोडपी माझ्याकडे समुपदेशनासाठी निरनिराळ्या कारणांनी येतात, परंतु बोलण्याच्या ओघात एक गाऱ्हाणे हमखास निघते : "लेकराला घेऊन कुठं जायची सोयच राहिली नाही." लग्नात किंवा एसटीत लेकरू रडले, तर शेजारची एखादी मावशी त्याला उचलून घेते, चित्रपटगृहात मात्र अंधारातून आवाज येतो, "घरी ठेवायचं ना!" दुसऱ्या बाजूने येणारेही कमी नाहीत. एवढे पैसे मोजून मागच्याचा फोन आणि पुढच्याचे पोर ऐकत बसायचे का, असे मला तरुणांनी विचारले आहे, निवृत्त कारकुनांनी विचारले आहे आणि बालवाडीच्या एका शिक्षिकेनेही विचारले आहे. अशा वेळी नेमके वागावे कसे, हा प्रश्न दोघांचाही असल्यामुळे लातूरच्या एका जोडप्याची हकीकत येथे सांगते. नावे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि बऱ्याच भेटींतले बोलणे मोजक्या संवादांत आणले आहे.

महेश एका खासगी क्लासमध्ये अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतात. लातुरात अशा शिक्षकाचा दरारा काय असतो, हे बाहेरच्यांना सांगून पटणार नाही. त्यांनी खडू खाली ठेवला, की भरलेला वर्ग आपोआप गप्प होतो. सुवर्णा त्यांच्या पत्नी आणि रुद्र त्यांचा अडीच वर्षांचा मुलगा. तक्रार महेश यांनी मांडली : "ही कुठंच यायला तयार नाही, मॅडम. सख्ख्या बहिणीच्या घरी बारसं होतं, तिथंही गेली नाही. हिच्या मनात लोकांची भीती बसली आहे, तेवढी काढा."

भीतीचे मूळ एका संध्याकाळी होते. सुवर्णा यांचा वाढदिवस, सहाचा खेळ, रांगेच्या मधोमध मिळालेल्या खुर्च्या. राष्ट्रगीत झाले, दिवे मालवले आणि पडद्यावर पाठलाग सुरू झाला. थोड्या वेळाने रुद्र रडू लागला. मागून कोणीतरी बोलले, महेश उभे राहून मागे वळले, शब्दाने शब्द वाढला, चार-पाच मोबाइलचे उजेड त्यांच्या तोंडावर पडले आणि शेवटी दारावरचा कर्मचारी धावत आला. तोवर सुवर्णा मुलाला कडेवर घेऊन लोकांच्या गुडघ्यांना धडकत बाहेर पडल्या होत्या. मध्यंतरापर्यंत त्या लाह्यांच्या काउंटरपाशी उभ्या होत्या. महेश आतच बसून राहिले, कारण उठणे म्हणजे माघार घेणे असे त्यांना वाटत होते.

"लेकरू आहे, ते रडणारच. लोकांनी एवढं समजून घ्यायलाच पाहिजे," महेश मला म्हणाले.

"मागचे गृहस्थ काय म्हणत होते?"

"पैसे देऊन आलोय, शांततेत बघायला मिळालंच पाहिजे."

मी ही दोन्ही वाक्ये त्यांना कागदावर एकाखाली एक लिहायला सांगितली. शिक्षकाला लिहिलेले वाचून दाखवायची सवय असते, त्यांनी ती मोठ्याने वाचली, थोडे थांबले आणि हसू आवरत म्हणाले, "दोन्ही वाक्यं एकाच माणसानं लिहिल्यासारखी वाटायलीत की."

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेल्या आणि मराठीत कि. मो. फडके यांच्यामुळे रुजलेल्या विवेकनिष्ठ मानसोपचाराच्या परंपरेत मी शिकले आहे, हे माझ्याकडे येणाऱ्यांना फार लवकर कळते. लोकांनी समजून घ्यावे, ही इच्छा रास्त आहे. आपल्याला शांततेत चित्रपट पाहता यावा, हीसुद्धा रास्तच आहे. या इच्छांचा हट्ट झाला, की समोरचा माणूस आपल्याला गुन्हेगार दिसू लागतो आणि त्याला शिक्षा देणे हे आपलेच काम होऊन बसते. वर्ग शांत ठेवणारा शिक्षक आणि तिकीट काढून आलेला प्रेक्षक त्या संध्याकाळी एकमेकांना शिक्षाच देत होते, आणि रडणाऱ्या मुलाकडे दोघांचेही लक्ष नव्हते. महेश यांना हे पटायला वेळ लागला नाही. मला खरी उत्सुकता सुवर्णा यांच्याविषयी होती, कारण त्या आतापर्यंत जवळजवळ बोलल्याच नव्हत्या.

पुढच्या एका भेटीत मी त्यांना भांडणाचे काहीही सांगू नका म्हटले. रुद्र रडू लागण्याआधी काय काय झाले, तेवढेच सावकाश सांगा, अशी विनंती केली.

"आधी त्यानं पाणी मागितलं," त्या आठवून सांगू लागल्या. "पाणी पिऊन झाल्यावर परत पाणीच मागितलं. मग माझ्या मांडीवर उलटा बसला, पडद्याकडं पाठ करून. हनुवटी माझ्या खांद्यात रुतवली. मग दोन्ही हात कानांवर ठेवले. रडला तो त्याच्यानंतर."

"कानांवर हात ठेवले, तेव्हा तुमच्या मनात काय आलं?"

"उठावं वाटलं."

"मग?"

त्या बराच वेळ ओढणीच्या टोकाची घडी घालत राहिल्या. मीही काही विचारले नाही. माझ्या खोलीत अशी शांतता पडली की नवखे समुपदेशक दुसरा प्रश्न टाकून ती भरून काढतात. मी ती तशीच राहू देते आणि तिचे फळ बहुतेक वेळा मिळते.

"ह्यांना काय वाटंल, असं वाटलं. वाढदिवसाची तिकिटं, ह्यांनी एवढ्या हौसेनं काढलेली. निघताना आईही म्हणाल्या होत्या, लेकराचं निमित्त करून अर्ध्यातून परत येऊ नका."

"मला सांगायचं की!" महेश म्हणाले.

"तुम्ही पिक्चर बघायलात," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. मग माझ्याकडे वळून त्यांनी असे वाक्य उच्चारले, ज्याच्यासाठी ही हकीकत मी लिहीत आहे : "मॅडम, मला लोकांची भीती नाही वाटत. लेकरू रडायला लागलं की उठू का बसू, हे माझं मला ठरवता येत नाही, त्याची वाटते."

"मुलामुळे लोक बोलतात म्हणून बाहेर जाणे सोडले" असे सांगणाऱ्या कितीतरी आया मी पाहिल्या होत्या, आणि त्यांच्या बोलण्यात लोकांच्या नजरेपलीकडे काहीतरी अडले आहे, असा माझा जुना अंदाज होता. सुवर्णा यांनी तो एका वाक्यात मोकळा केला. उठण्याचा अधिकार कोणाचा, हे त्या घरात कधी ठरलेच नव्हते. उठले तर नवऱ्याचा विरस आणि सासूचा टोमणा, बसले तर लोकांचे बोलणे. अशा पेचात सापडलेली बाई काही क्षण नुसती गोठून बसते, आणि तेवढ्यात मूल रडू लागते. म्हणूनच बारशाला जातानाही त्यांचे पाय अडत होते. तेथे कोणी "घरी ठेवायचं ना" म्हणणार नव्हते, परंतु लेकरू किरकिरले तर निघायचे की थांबायचे, हा प्रश्न तेथेही त्यांच्यासोबत जाणारच होता.

रुद्रविषयीही याच वाक्याने एक गोष्ट स्पष्ट झाली. त्याने पाणी मागून, पाठ फिरवून आणि कान झाकून आपले म्हणणे मांडून झाले होते. रडणे हा त्याचा शेवटचा उपाय होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार लहान मुलांनी ध्वनियंत्रांवरून ऐकण्याची सुरक्षित मर्यादा आठवड्याला 40 तासांसाठी 75 डेसिबल, तर मोठ्यांची 80 डेसिबल धरली जाते. मोठ्या पडद्यावर स्फोट किंवा पाठलाग चालू असताना आवाज क्षणभर 100 डेसिबलच्या घरात जाऊ शकतो. त्यात मिट्ट काळोख, अनोळखी माणसे आणि जेवणाची वेळ. अडीच वर्षांच्या मुलाने कानांवर हात ठेवले, तर ते हट्टी आहे असे कोणी म्हणू नये.

यानंतर आम्ही जे ठरवले, ते अगदी साधे होते. खुर्च्या रांगेच्या कडेच्या घ्यायच्या. मध्यंतरापर्यंत महेश उठतील, मध्यंतरानंतर सुवर्णा. खूण रडण्याची धरायची नाही. मुलाने पडद्याकडे पाठ केली किंवा कान झाकले, की ज्याची पाळी त्याने काही न विचारता उठायचे. वाया गेलेल्या तिकिटांचा विषय त्या दिवशी आणि नंतरही काढायचा नाही, कारण पैसे खिडकीवरच गेलेले असतात, आत बसून राहिल्याने ते परत येत नाहीत.

"आणि मागून कुणी बोललंच तर?" महेश यांनी विचारले.

"तेव्हा तुम्ही उठलेलेच असाल," मी म्हणाले. प्रेक्षक रडण्याला वैतागतात, हे अर्धेच खरे आहे. मूल रडत असताना आईबाप किती वेळ बसून राहतात, याकडे त्यांचे अधिक लक्ष असते; कोणी उठलेले दिसले, की बहुतेक लोक मान पुन्हा पडद्याकडे वळवतात.

आधी त्यांनी औशाच्या एका लग्नात हे करून पाहिले, मग आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारच्या खेळाला गेले. महेश उठले, मुलाला बाहेर फिरवून आणले, पुन्हा उठले, आणि मध्यंतराला तिघेही घरी परतले. अर्धाच चित्रपट झाला, पण सुवर्णा खुशीत होत्या.

सुवर्णा यांच्या सासूबाईंना या हकीकतीत कोणी खाष्ट ठरवू नये. त्यांच्या पिढीने सिनेमा जत्रेतल्या तंबूत पाहिला. जमिनीवर पोते टाकून बसायचे, लेकरे तेथेच निजायची, रडायची आणि पुन्हा निजायची, आणि शांततेची अपेक्षा कोणी करतही नसे. अर्ध्यातून उठून येण्याचे कारण त्यांना खरोखरच कळत नाही. ते त्यांना समजावून सांगण्याचे काम सुनेवर न टाकता मुलाने करावे, असा माझा आग्रह असतो आणि महेश यांनी ते केले.

आता थोडे सर्वांसाठी. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटना दोन वर्षांखालील मुलांना पडद्यापासून दूर ठेवण्यास सांगते, आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास सुचवते. आपला चित्रपट अडीच तासांचा असतो. म्हणून तीन वर्षांपर्यंत मुलाला आजीपाशी ठेवून जाणे केव्हाही उत्तम, आणि त्यात अपराधी वाटण्यासारखे काही नाही. न्यायचेच असेल, तर रात्री नऊचा खेळ टाळावा. त्या वेळी मूल झोपेला आलेले असते. प्रमाणपत्र पाहावे : 2024 च्या नियमांपासून यूए गटाचे 7+, 13+ आणि 16+ असे तीन भाग झाले आहेत. ते पालकांना दिलेले मार्गदर्शन आहे, बंदी नाही. ए प्रमाणपत्राचे चित्रपट मात्र 18 वर्षे पूर्ण झालेल्या प्रेक्षकांसाठीच असतात. केरळच्या चित्रपट विकास महामंडळाने 2022 मध्ये तिरुवनंतपुरमच्या कैरली-श्री-निला चित्रपटगृहात रडणाऱ्या बाळांसाठी काचेची ध्वनिरोधक खोली केली, जिच्यात पाळणा आहे आणि बाळाला घेऊन पडदाही पाहता येतो. आपल्या गावात तशी सोय होईपर्यंत दाराजवळची खुर्ची हीच आपली खोली.

ज्यांना त्रास होतो, त्यांच्यासाठी माझे सांगणे थोडे वेगळे आहे. मूल रडत असेल, तर मागे वळून पाहू नये, पालकांना उठायला अवधी द्यावा, पाय आत घ्यावेत, आणि बोलायचेच असेल तर "ताई, वाट देऊ का?" एवढेच म्हणावे. या एका वाक्याने अडकून बसलेल्या आईला जी परवानगी मिळते, ती तिला घरातही कधी मिळालेली नसते. फोनवर बोलणाऱ्याला एकदाच आणि हळू आवाजात, "दादा, जरा बाहेर जाऊन बोलता का?" असे सांगावे. मराठवाड्यात दादा किंवा काका म्हटल्यावर निम्मी माणसे स्वतःच ओशाळतात. उरलेल्यांशी दुसऱ्यांदा बोलू नये. उठून दारावरच्या माणसाला सांगावे, किंवा मध्यंतरात व्यवस्थापकाकडे जागा बदलून मागावी. दारू पिऊन आलेले टोळके असेल किंवा महिलांना त्रास होत असेल, तर शहाणपण शिकवत बसू नये. कर्मचाऱ्यांना बोलवावे आणि गरज पडल्यास 112 वर फोन करावा. पहिल्या दिवशी नायक पडद्यावर येताच वाजणाऱ्या शिट्ट्या मात्र मी त्रासात धरत नाही. त्या नको असतील, तर आठवडाभर थांबावे.

एक निवृत्त गृहस्थ माझ्याकडे येत असत. प्रत्येक चित्रपटात कोणाशी तरी त्यांचे वाजलेले असे. अशाच एका चित्रपटाची कथा मी त्यांना विचारली. कथा त्यांना सांगता आली नाही, पण भांडलेल्या माणसाच्या शर्टाचा रंग आणि खुर्चीचा क्रमांक बिनचूक सांगता आला. हे स्वतःच्या तोंडून ऐकल्यावर त्यांचा पुढचा प्रश्न "त्याला धडा कसा शिकवू" हा राहिला नाही, "माझा पिक्चर कसा वाचवू" हा झाला, आणि त्याचे उत्तर देणे मला पुष्कळ सोपे गेले.

बाहेर आणलेले मूल शांत झाले की लगेच आत शिरावे का, असे बरेच पालक विचारतात. आधी दारापाशी आतल्या बाजूला उभे राहावे आणि मुलाला कडेवरूनच पडदा दिसू द्यावा. तो आपणहून वाकून पाहू लागला तर खुर्चीवर जावे, खांद्यात तोंड खुपसले तर घरी निघावे. त्याला गप्प करण्यासाठी आत मोबाइल लावून देऊ नये, त्या उजेडाने आणखी दहा जणांचा विरस होतो. आणि घरी परतताना गाडीवर "तुझ्यामुळं पिक्चर गेला" असे त्याला चेष्टेतही म्हणू नये, कारण अडीच वर्षांच्या मुलाला चेष्टा कळत नाही आणि पुढच्या वेळी कान दुखले, तरी ते सांगायचे तो टाळेल.