चौथीच्या मुलांकडून गूगल डॉक्सवर एकत्र इंग्रजी लिहून घेता येईल का?

मॅडम, दिंडोरी तालुक्यातली शाळा, चौथीची २४ मुलं आणि चार लॅपटॉप, असं तुम्ही लिहिलंय. तेवढ्यात जमतं. फक्त एका लॅपटॉपभोवती सहा जण बसवू नका. टाइप एकच करतो आणि बाकीचे खिडकीबाहेर बघतात. तीन-तीनचे आठ गट करा. चार गट लॅपटॉपवर, चार वहीत, १५ मिनिटांनी अदलाबदल. वाक्य आधी वहीत झालेलंच हवं, कारण या वयात अक्षरं शोधण्यातच वेळ जातो.

फाइल तुमच्या खात्यातून बनवा आणि शेअरमध्ये लिंक असणाऱ्या कोणालाही एडिटर करा. मग लॅपटॉपवर मुलांना लॉगिन लागत नाही. मोबाइलवर अ‍ॅप आणि खातं दोन्ही आडवं येतं, म्हणून फोन नकोच. तास संपला की लिंक फक्त बघण्यापुरती ठेवा. मुलांची पूर्ण नावं त्यात नकोत.

कोरं पान कधीच देऊ नका. त्यावर एकाने एंटर मारला की दुसऱ्याचं वाक्य खाली सरकतं आणि रडारड सुरू होते. आठ ओळींचं टेबल करा. पहिल्या चौकटीत गट क्रमांक आधीच टाका, कारण लॉगिन नसलं की कोणी काय लिहिलं ते कळत नाही. दुसरी चौकट गटाच्या वाक्याची, तिसरी शेजारच्या गटाची. विषय द्राक्षबागेचा घ्या, त्यावर मुलांकडे सांगायला भरपूर असतं.

तिसरी चौकट सगळ्यात मोलाची. दुसऱ्याचं वाक्य खोडायचं नाही. चूक दिसली तर पूर्ण वाक्य तिथे नव्याने लिहायचं. आपल्या मुलांच्या चुका ठरलेल्या असतात: क्रियापद शेवटी टाकून 'आय ग्रेप्स ईट', मराठीत नसल्यामुळे 'ए' आणि 'द' गळणं, 'तो ट्रॅक्टर' म्हणून ट्रॅक्टरला 'इट'ऐवजी इंग्रजी 'ही' (he). एका तासाला यातली एकच धरा. सगळ्या चुका एकदम दाखवल्या तर पुढच्या वेळी मूल दोन शब्दांचंच वाक्य लिहितं.

टूल्समधल्या प्रेफरन्सेसमध्ये कॅपिटल आपोआप करण्याची खूण प्रत्येक लॅपटॉपवर काढा, नाहीतर ते काम मशीनच करतं.

कोणी सगळं पुसलं तर त्याच लॅपटॉपवर लगेच कंट्रोल-झेड. तरी नाही आलं तर तुमच्या खात्यातून फाइल, मग व्हर्जन हिस्टरी, आणि पुसण्याआधीची वेळ निवडून रिस्टोअर.