आधी वही उघडा, मग रोपं लावा

प्रश्न : हवामानबदलावर काहीतरी करायचं म्हणून आम्ही गावातले दहाबारा जण एकत्र आलो. गेल्या पावसाळ्यात 200 रोपं लावली, उन्हाळा सरेपर्यंत तीसही उरली नाहीत. आता लोक हसतात. लहान गावाला साधनं, मार्गदर्शन मिळतं कुठे? आणि खरं सांगा, एका गावानं करून काय फरक पडणार?

उत्तर : हसणाऱ्यांवर रागावू नका, पुढे त्यातलेच दोघं पत्र्यावरचं पावसाचं पाणी टाकीत नेणारी तुमची पन्हाळी बसवायला शिडी धरतील. रोपांना फेब्रुवारी ते मे पाणी कोण घालणार आणि ते आणणार कुठून, हे खड्डे खणण्याआधी कुणी विचारलं होतं का? आठवड्याला रोपामागे 10 लिटर धरा. 200 रोपांना दर आठवड्याला 2,000 लिटर! उन्हाळ्यात एवढं पाणी उत्साहाच्या भरात वाहून होत नाही. यंदा वीसच लावा.

साधनांचं म्हणाल, तर पहिलं साधन तुमच्या घरात पडलेलं असेल. सरळ उभ्या अंगाची, वळ्या नसलेली प्लास्टिकची बाटली घ्या. वरचा निमुळता भाग कापून तोच उलटा करून नरसाळ्यासारखा तिच्यात बसवा. तळ उंचसखल असतो, म्हणून खाली थोडे खडे टाका, ते बुडेपर्यंत पाणी घाला आणि त्या पातळीला शून्याची खूण करा. तिथून वर मिलिमीटरची पट्टी चिकटवा. झाला पर्जन्यमापक. बाटली जाड की बारीक यानं फरक पडत नाही, कडा सरळ हव्यात. रोज सकाळी साडेआठला वाचा आणि आकडा एका वहीत लिहा; हीच वेळ, कारण हवामान खातंही त्याच वेळेला चोवीस तासांचा पाऊस मोजतं. वाचून झालं की पाणी पुन्हा शून्यावर आणून ठेवा.

मी पहिल्या वर्षी बाटली अंगणातल्या झाडाखाली ठेवली होती, वाऱ्यानं पडू नये म्हणून. कधी पानांनी सर अडवलेली, तर कधी पाऊस थांबल्यावरही तासभर ठिबक चालू. अख्ख्या हंगामाची वही वाया गेली, आणि मी ती चार जणांना कौतुकानं दाखवूनही झाले होते. झाड किंवा भिंत जितकी उंच, तिच्या किमान दुप्पट अंतरावर बाटली ठेवायची, हा नियम मला नंतर कळला.

वहीत दुसरा रकाना विहिरीचा. दोराला अर्ध्या अर्ध्या मीटरवर गाठी मारा, टोकाला दगड बांधा आणि काठावरच्या एकाच खुणेपासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा. महिन्यातून एकदा, ठरल्या तारखेला, पहाटे मोटर सुरू व्हायच्या आत. उपसा चालू असताना घेतलेला आकडा फसवा.

मोजण्यावर मी इतकी अडून बसते, त्याला कारण आहे. हवा 1 अंश तापली की तिच्यात सुमारे 7 टक्के जास्त बाष्प मावतं. म्हणून वर्षाची बेरीज जुनीच राहिली तरी तो पाऊस थोड्या दिवसांत, धो धो कोसळून जाऊ शकतो. हवामान खात्याच्या हिशेबात 2.5 मिलिमीटर झाला तर तो पावसाचा दिवस आणि चोवीस तासांत 64.5 झाला तर जोरदार पाऊस. वहीत दोन्ही वेगळ्या रंगानं खुणावा. चारपाच वर्षांनी ओढ्याला बांध घालायचा की पुराचं पाणी आधी वळवायचं, यावर भांडताना हातात काहीतरी असेल.

आता रोपांकडे या. 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. 50 चौरस मीटर पत्र्यावर 20 मिलिमीटरची सर आली की 1,000 लिटर, सांडलवंड वजा जाता 800 धरा. तुमच्या वीस रोपांना सोळा आठवडे लागतील 3,200 लिटर. चार चांगल्या सरींत तेवढी टाकी भरते. पहिल्या पावसाचं पाणी मात्र बाहेर सोडा, पत्र्यावर वर्षभराची धूळ आणि पाखरांची घाण असते. टाकीला घट्ट झाकण हवं, नाहीतर डास.

एका गावानं काय होतं? पृथ्वीचं तापमान उतरणार नाही, तुमच्या विहिरीचं भवितव्य मात्र ठरू शकतं. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावानं पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि त्यावरून पिकं ठरवायची, अशी शिस्त लावून घेतली. शेतीसाठी बोअर खणायला बंदी घातली. ती पाळणं किती अवघड गेलं असेल, हे ज्याच्या शेजाऱ्यानं बोअर मारलंय त्याला विचारा! डेन्मार्कमधलं साम्सो बेट साधारण चार हजार वस्तीचं. 1997 मध्ये सरकारी स्पर्धेतून ‘अक्षय ऊर्जेचं बेट’ म्हणून त्याची निवड झाली आणि दहाएक वर्षांत बेटाला लागते त्याहून अधिक वीज वाऱ्यावर तयार होऊ लागली. जमिनीवर 11 पवनचक्क्या, समुद्रात 10. त्यातल्या अनेकींत बेटावरच्याच लोकांचे हिस्से आहेत. स्वतःचा पैसा गुंतला की पवनचक्कीच्या आवाजाची तक्रार कमी होते, असा माझा तर्क आहे.

मदत मागायला जाल तेव्हा ही वही बरोबर न्या. ‘आम्हाला झाडं द्या’ म्हणणारे रोज येतात. तीन वर्षांचा पाऊस आणि विहिरीची पातळी टेबलावर ठेवणारा आला की साहेब खुर्ची पुढे करतात.

प्रश्न : पाऊस मोबाइलवर कळतोच. मग बाटली कशाला?

उत्तर : मोबाइलवरचा आकडा बहुतेक वेळा काही किलोमीटरच्या चौकटीचा अंदाज असतो. पाऊस बैलाचं एक शिंग भिजवतो नि दुसरं कोरडं ठेवतो, तिथे चौकट काय करणार? मोबाइल उद्यासाठी पाहा, बाटली कालसाठी. आणि हो, तिच्यात शेवाळ धरतं. महिन्यातून एकदा घासून घ्या.