ऑनलाइन डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, पात्रं घेऊन फाशांवर खेळायचा गोष्टीचा खेळ) खेळताना माझंच दान सतत उलटं पडतं. व्हर्च्युअल फासे गंडलेले असतात का?

तुम्ही लिहिलंय की गेल्या सेशनला तुमच्या रेंजरचे (खेळातल्या तुमच्या पात्राचे) सलग पाच रोल दहाच्या आत पडले, आणि आता खरे फासे आणून कॅमेऱ्यासमोर टाकावेत का, असं विचारताय. फासे बहुधा गंडलेले नाहीत. हे सांगणारा माणूस एकदा स्वतःच गंडलेले फासे बनवून बसला होता, ते पुढे येईलच.

आधी ते पाच रोल. डी२०वर, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर, दहा किंवा त्याखाली पडण्याची शक्यता बरोबर निम्मी. सलग पाच वेळा तसं होण्याची ३२ मध्ये १. पण सेशनभरात तुम्ही पाचच रोल करत नाही ना? हल्ले, सेव्ह (संकटातून वाचणं), स्टेल्थ (लपणं), परसेप्शन (चाहूल घेणं) धरून पंचवीस रोल झाले, तर त्यात कुठेतरी अशी पाचाची रांग लागण्याची शक्यता ३१ टक्क्यांच्या आसपास जाते. चौघं खेळत असाल तर चारपैकी तीन सेशनमध्ये कुणीतरी एक जण रडणारच. सलग पाच रोल अकरा किंवा वर पडणंही तितक्याच वेळा होतं, फक्त त्या दिवशी साइटवर कुणी संशय घेत नाही.

आता माझा गाढवपणा. आमच्या ग्रुपच्या चॅटसाठी मी फासे टाकणारा छोटा बॉट लिहिला होता. एक रँडम बाइट घ्यायचा, म्हणजे ० ते २५५ मधला आकडा. त्याला २०ने भागायचं, जी बाकी उरेल तिच्यात १ मिळवायचा, झाला डी२०. दिसायला चोख. पण २५६ला २०ने पूर्ण भाग जात नाही. बारा फेऱ्या पुऱ्या होतात आणि वर १६ आकडे उरतात, ते सगळे १ ते १६च्या पदरात. म्हणजे १ येण्याच्या वाटा १३ आणि २० येण्याच्या १२च. क्रिटची, म्हणजे २० पडून जबर फटका बसण्याची, शक्यता ५ टक्क्यांऐवजी ४.६९. उपाय एका ओळीचा निघाला: आकडा २४० किंवा त्यापुढचा आला तर फेकून द्यायचा आणि नवा मागायचा.

गंमत म्हणजे ही चूक मोजून सापडलीच नाही, एका मित्राने कोड वाचला तेव्हा सापडली. मी त्याआधी ४०० रोल वहीत टिपून काढले होते आणि सगळं ठीक म्हणून खूशही झालो होतो. ४०० रोलमध्ये प्रत्येक आकडा सरासरी २० वेळा यायला हवा, पण एखादा १२ वेळा आला आणि दुसरा २८ वेळा, तरी तेवढं इकडे-तिकडे चालतंच. माझ्या बॉटची चूक नुसतं २० हा आकडा किती वेळा पडतो ते मोजून पकडायची, तर वीसेक हजार रोल लागले असते. त्यामुळे पन्नास रोलचा स्क्रीनशॉट दाखवून कुणी ‘बघ, सिद्ध झालं’ म्हणालं, की मी गप्प बसतो.

मोठ्या प्लॅटफॉर्मवर असला कच्चा माल सहसा नसतो. रोल ट्वेंटी प्रकाशाच्या किरणातल्या चढउतारांतून रँडमपणा घेतं. फाउंड्री मर्सेन ट्विस्टर वापरतं; ते गणिती सूत्र आहे, पण त्याचे आकडे पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायला २ चा १९९३७वा घात वजा १ इतके आकडे जावे लागतात. तुमची कँपेन तोवर संपलेली असेल. आणि स्क्रीनवर गडगडणाऱ्या त्रिमितीय फाशाकडे बघून काही ठरवू नका. बऱ्याच ठिकाणी आकडा आधीच ठरलेला असतो, गडगडणं नंतरची सजावट.

खऱ्या फाशांना हवेचे बुडबुडे, घासलेल्या कडा वगैरे असतातच, तेव्हा तिकडे जाऊन जास्त न्याय मिळेल असं नाही. हातात फासा खुळखुळवायची मजा हवी असेल तर डीएमला (खेळ चालवणाऱ्याला) विचारून खुशाल टाका. माझा आक्षेप वेगळाच आहे: कुणी स्वतःच्या फोनवरच्या ॲपमध्ये रोल करून ‘अठरा!’ असं नुसतं तोंडाने सांगतो, त्याला. रोल सगळ्यांच्या लॉगमध्ये पडू दे, कशासाठी आहे ते आधी बोलून. मॉडिफायरही (रोलमध्ये मिळवायचा आकडा) कमांडमध्येच लिहा, १डी२०+५ असा. मनातल्या मनात केलेल्या बेरजेवरून आमच्याकडे झाले तेवढे वाद फाशांवरून कधीच झाले नाहीत.

तुमच्या रेंजरचं म्हणाल, तर साइट बदलण्यापेक्षा ॲडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायची सवलत) मिळवा. डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीत शत्रूला न दिसता बाण सोडला की ते मिळतंच. लॉगमध्ये २डी२०केएच१ लिहा, म्हणजे दोन फासे पडून मोठा तेवढा राहील. सरासरी १०.५ वरून १३.८च्या पुढे जाते, नॅट २०ची (फाशावरच २० पडण्याची) शक्यता ९.७५ टक्के होते. आणि दहाच्या आतले सलग पाच रोल? ३२ मध्ये १ वरून १०२४ मध्ये १.