‘घरात असे कोणी बोलत नाही, मग हे आले कुठून?’

गेल्या वर्षी साताऱ्यातील एका शाळेने नववीच्या एका मुलाला आईसह समुपदेशनासाठी माझ्याकडे पाठविले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वर्गातील मुलींना रूपावरून गुण देणारी यादी त्याने व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकली होती आणि वर्गशिक्षिका रागावल्या तेव्हा ‘मी बायकांचे ऐकून घेत नाही’ असे सुनावले होते. आई परिचारिका. अलीकडे अनेक पालक विचारतात तेच तिने विचारले : ‘मॅडम, आमच्या घरात असे कोणी बोलत नाही, मग हे आले कुठून?’

मुलगा ‘अल्फा’ (इतरांवर हुकूमत गाजविणारा पुरुष), ‘सिग्मा’ (कोणाची पर्वा न करणारा एकटा पुरुष) असे मोबाईलवरच्या व्हिडिओंतले शब्द फेकत होता. मी वाद घातला नाही, कारण वाद झाला की अशी मुले त्या व्हिडिओतल्या माणसाची वकिली करू लागतात. मोबाईलवर त्याने सुरुवातीला काय शोधले होते, एवढेच विचारले. उत्तर आले, दंड कसे वाढवायचे. कबड्डीच्या निवडीत ‘काडी’ म्हणून त्याला हसून बाजूला केले होते. आपण कशावर किती वेळ रेंगाळतो याची नोंद ठेवून ॲप पुढचे व्हिडिओ दाखविते. त्यामुळे व्यायामापासून सुरू झालेली वाट काही आठवड्यांतच, ‘तुझ्या अपमानाला मुली जबाबदार आहेत’ असे सांगणाऱ्यांपर्यंत पोहोचली होती.

‘ऐंशी टक्के मुली वरच्या वीस टक्के पुरुषांच्याच मागे असतात’ हे त्याचे पाठ केलेले वाक्य. मी त्याला आपल्या आळीतल्या लग्न झालेल्या पुरुषांची नावे लिहून त्यांतले वरचे वीस टक्के निवडायला सांगितले. सतरा नावांत त्याला जेमतेम तीन सापडली, आणि त्यांत त्याचे लाडके मामाही नव्हते. तेव्हा तो पहिल्यांदा हसला.

आईला मात्र मी सगळा दोष मोबाईलवर टाकू दिला नाही. मुलगा हवा असताना जन्मलेल्या मुलींना ‘नकुशा’ म्हणणारा हा जिल्हा आहे. अशा अडीचशेहून अधिक मुलींची नावे 2011 मध्ये साताऱ्यात समारंभपूर्वक बदलावी लागली. घरात कोणी वाईट बोलत नव्हते हे खरे, पण जेवणानंतर वडिलांचे आणि त्याचे ताट धाकटी बहीणच उचलत होती. हे ऐकून आई बराच वेळ गप्प बसली. वडिलांना पुढच्या भेटीला आणा, असे मी सांगितले, कारण मुलगा ज्यांच्याकडे पाहून पुरुष होणे शिकतो ते या खोलीत नव्हतेच.

शाळेशी माझे थोडे खटकले. मुलींनी आपले फोटो काढून टाकावेत, अशी सूचना निघणार होती. म्हणजे खोडी एकाची आणि बंधन दुसऱ्यांवर. यादीतल्या मुलींशी आधी आणि स्वतंत्रपणे बोलावे, असा आग्रह मी धरला. फोटोंत अश्लील फेरफार झाला असता तर प्रकरण समुपदेशनावर भागलेच नसते, मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांकडे जावे लागले असते, हेही स्पष्ट केले.

दोन महिन्यांनी मुलाने, कोणी न सांगता, माफीची चिठ्ठी लिहिली. यादीतल्या पाचपैकी चार मुलींनी ती वाचली. पाचवीने घेतली नाही, आणि तिला कोणी समजावू नये, असे मी मुख्याध्यापकांना कळविले.